त्र्यंबकरावांच्या दोन फायली

नौपाडा, ठाणे
६ जानेवारी २०२५

चि. सगुणास,

आशीर्वाद. फोन करू नकोस असं मीच सांगितलं होतं, म्हणून पत्र. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने अर्धवट येतं. तू फोनवर ओरडतेस, सोनल स्पीकर लावते आणि तुझ्या भावाच्या पोटाची हकीकत चौथ्या मजल्यापर्यंत पोचते. त्यापेक्षा तुळसाबाई बरी. दिवसा माझ्यापाशी बसायला ठेवलेली ही बाई तुमच्या डोंबिवलीहूनच येते. तिच्या पिशवीतून हे पत्र तुला मिळेल. ती ते उघडून बघणार नाही, कारण तिला माझ्यात काडीचाही रस नाही. या घरात सध्या तेवढं एकच माणूस मला आवडतं.

फुप्फुसाच्या कॅन्सरला चौदा महिने झाले. तो मला ठाऊक आहे, कारण पहिल्या दिवशी मी रिपोर्ट डॉक्टरच्या हातातून ओढून वाचला होता. त्यानंतर संदेशने एकही कागद माझ्या हाती लागू दिलेला नाही. छातीचं उत्तम चाललंय म्हणतात. गोळ्या लागू पडल्या, गाठ आकसली. उत्तम. मग दिवाळीपासून पोट का दुखतं? जेवल्यावर तासाभराने बेंबीभोवती पीळ पडतो, पोट फुगतं, आत गडगडतं, आणि ओकून टाकलं की बरं वाटतं. शौचाला डांबरासारखं काळं होतं. माझे चिरंजीव संदेश म्हणतात गॅस. सूनबाई सोनल म्हणतात पित्त. मुंबईचे मोठे डॉक्टर संदेशकडे बघून म्हणतात, 'होतं असं.' पोट माझं, पण माझ्याकडे बघून कोणी बोलत नाही.

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली. दुकानदार खोटं बोलणार असला की आधी चहा मागवतो. संदेश हल्ली येता-जाता मला चहा विचारतो. डिसेंबरात कल्याणला कुठल्याशा सेंटरवर नेऊन त्या बोगद्यात घातलं, 'छातीचा रुटीन स्कॅन' म्हणून. त्याचा रिपोर्ट कुठे आहे विचारलं तर तो चहा टाकायला उठला. चाळिशीकडे झुकलेला माणूस, बँकेत अधिकारी, आणि धड खोटं बोलता येत नाही.

तुला त्यांनी काय सांगितलंय ते कळव.

तुझा
दादा

•

डोंबिवली पूर्व
९ जानेवारी २०२५

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तुळसाबाईंनी पत्र दिलं. अक्षर अजून ठणठणीत आहे, ते बघून बरं वाटलं.

दादा, तू उगाच मनात काहीतरी घेऊन बसतोस. संदेश मला म्हणाला की खोकल्याच्या औषधाने कोठा जड होतो, तसं तुझं झालंय. काळं होतं ते लोहाच्या गोळ्यांनी. आमच्या इमारतीतल्या एका बाळंतिणीलाही अगदी तसंच होत होतं. काळजी करू नये. ओवा भाजून, त्यात पादेलोण घालून पाठवते आहे, जेवणानंतर चिमूटभर चावून खा. पोटावर हिंगाचा लेप लाव. आपली आई लावायची तसा.

आणि सोनलला घालूनपाडून बोलू नकोस रे. नोकरी सांभाळून तुझं पथ्यपाणी करते. मागच्या महिन्यात तू तिची खिचडी 'सरकारी' आहे म्हणालास, ते तिच्या मनाला लागलंय. संदेशही वाळलाय. त्याचं तोंड बघितलंस का तू कधी? काळजी करू नये, सगळं ठीक होईल. माझे गुडघे जरा बरे झाले की मी येतेच.

सगुणा

•

नौपाडा
१६ जानेवारी २०२५

चि. सगुणास,

ओवा मिळाला. खाल्ला. तासाभराने तो जसाच्या तसा बाहेर आला, त्यामुळे त्याच्या गुणाबद्दल मत देता येत नाही.

'काळजी करू नये' हे तू एका पत्रात दोनदा लिहिलंस. इतक्या वर्षांत तू मला असं कधी लिहिलेलं नाहीस. तू लिहायचीस, 'काळजी घे, नाहीतर मर.' तुझी भाषा बदलली, तेव्हाच मी पेन बाजूला ठेवलं आणि विचार करायला लागलो.

लोहाच्या गोळ्यांचं म्हणणं मी तपासून पाहिलं. वजनात खोट आहे म्हणून ओरडून काही होत नाही, आपलं प्रमाणित वजन समोरच्या पारड्यात टाकावं लागतं. गेले आठ दिवस ती गोळी जिभेखाली धरून तुळसाबाईची पाठ वळली की कुंडीत टाकतो आहे. आठ दिवस लोह माझ्या पोटात नाही, तुळशीच्या पोटात आहे. तरी काळं ते काळंच. म्हणजे ते रक्त आहे. आतड्यात कुठेतरी रक्त गळतं आहे आणि माझा मुलगा मला चहा विचारतो आहे.

परवा आमचे पोपटराव आले होते. खात्यात माझ्या हाताखाली होते, त्या काळी ह्यांना तराजूचा काटा कुठल्या बाजूला झुकला हे सांगायला दोन मिनिटं लागायची. ते आंबिवलीच्या कोणा बाबाची पूड घेऊन आले. म्हणे तिने कॅन्सर 'विरघळतो'. मी विचारलं, कशात? ते म्हणाले, कोमट पाण्यात. सोनलने मान डोलावून पुडी ठेवून घेतली. शिकलेली बाई आहे. एम.कॉम. झालेली आहे.

या सगळ्यांची मला चीड येत नाही, गंमत वाटते. चीड तुझी येते. तू तरी खरं बोलशील असं वाटलं होतं.

दादा

•

डोंबिवली पूर्व
१९ जानेवारी २०२५

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तू गोळ्या कुंडीत टाकतोस? वय काय तुझं? तिकडे तुझं रक्त कमी का होतंय म्हणून डॉक्टर चक्रावलेत, दुप्पट गोळ्या लिहून देतायत आणि तू निरीक्षक-निरीक्षक खेळतोयस. तुला सगळे मूर्ख वाटतात, त्यातून तू एकटाच सुटलास असंही वाटतं. उद्यापासून मुकाट्याने घ्यायला लाग, नाहीतर मीच संदेशला सांगते.

त्या पुडीचं तुझं बरोबर आहे, ती घेऊ नकोस. पण बाकी माझं ऐक. चोथ्याचं काही खाऊ नकोस. पालेभाजी नको, मक्याचं कणीस नको, पेरू तर अजिबात नको, शेवग्याची शेंग चोखायचीसुद्धा नाही. भाताची पेज, ताकाची निवळी, गाळलेलं सूप, असं थोडं थोडं पाच-सहा वेळा घे. ओकारी थांबेनाशी झाली किंवा पोट दगडासारखं घट्ट झालं, तर तासभरही वाट बघायची नाही. लगेच संदेशला उठव. लाज धरू नकोस.

बाकी ठीक. संक्रांतीचा तिळगूळ पाठवते आहे, पण तू खाऊ नकोस, तुळसाबाईंना दे.

सगुणा

•

नौपाडा
२१ जानेवारी २०२५

सगुणा,

पकडलं.

माझा कोठा जड झालाय असं तुझं म्हणणं आहे. जन्मभर कोणाचा कोठा जड झाला की तू पेरू खायला घालायचीस. माझ्या लग्नात नवरीकडच्या म्हाताऱ्याला तू दोन शेर पेरू नेऊन दिले होतेस. आणि आता पेरू 'अजिबात नको'? चोथा नको, शेंग नको, गाळलेलं प्यायचं? ज्या वाटेने नुसतं पाणी जेमतेम जातं तिच्यासाठी हे पथ्य असतं. हे तुझ्या डोक्यातलं नाही. हे तू कागदावर वाचलेलं आहेस.

म्हणजे कागद तुझ्याकडे आहे.

माझ्या कपाटातली फाइल मी तपासली. छान पातळ आहे. फुप्फुसाचे जुने फोटो, रक्ताचे साधे रिपोर्ट, विमा कंपनीचं पत्र. डिसेंबरचं एकही पान नाही. संदेशला ठाऊक आहे की मी या घरातला प्रत्येक खण उघडतो, म्हणून खरी फाइल त्याने घराबाहेर ठेवली. ठेवून ठेवून कुठे ठेवणार? तुझ्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांखाली.

तुमची मला किळस येते. तुझी, त्याची, त्या मान डोलावणाऱ्या सुनेची आणि त्या डॉक्टरची, ज्याला माझ्या डोळ्यांत बघायची हिंमत नाही. मी एकाहत्तर वर्षांचा माणूस आहे. माझ्या आतड्यात काय वाढतंय ते डोंबिवलीतल्या साड्यांना माहीत, मला नाही. हा मुलगा असला पळपुटा कसा निपजला? माझ्याकडून हा गुण गेलेला नाही, त्याच्या आईकडूनही नाही. विमलाचं दुखणं आठव. दीड वर्ष चाललं, पण मी एक दिवस तिच्यासमोर डळमळलो नाही. आणि हा चहा टाकायला पळतो.

फाइल तुळसाबाईबरोबर पाठवून दे. पाठवली नाहीस तर तुला भाऊ आहे हे विसर.

त्र्यंबक

•

ठाणे, हॉस्पिटल, दुसरा मजला
२३ जानेवारी २०२५, दुपार

दादा,

मायना लिहीत नाही. तुझ्या नाकात नळी आहे, तुला बोलता येत नाही, आणि मी कानाशी ओरडले तर अख्खा वॉर्ड ऐकेल. म्हणून तुझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. सगळं वाच. मध्येच चष्मा काढून ठेवू नकोस.

काल दुपारी तुझी ओकारी थांबेना, पोट टणक झालं, म्हणून संदेशने तुला जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तू सवयीने तुझी पातळ फाइल काखेत मारलीस. तिथल्या डॉक्टरने ती चाळली, तीत पोटाचा एक शब्द नाही. त्याने विचारलं, काय होतंय? तू म्हणालास, 'माझ्या मुलाच्या मते गॅस.' संदेशला टोमणा मारायला म्हणालास. आणि संदेश गप्प राहिला, कारण तू त्याच्या ओठांकडे बघत होतास. तू बहिरा झाल्यापासून ओठ वाचतोस, हे सगळ्या घराला माहीत आहे. कागदाशिवाय डॉक्टरला बाजूला घेऊन सांगायचं त्याला सुचलं नाही. त्याने बाहेर जाऊन मला फोन केला, 'आत्या, फाइल घेऊन ये.' त्याच्या फोनात रिपोर्टचा फोटोसुद्धा नव्हता, कारण तू त्याचा फोन मागून घेतोस. मी निघून पोचेपर्यंत दोन तास गेले. तेवढ्यात त्या डॉक्टरने कोठा साफ व्हायचं जोरदार औषध दिलं, एनिमा दिला. पुढे वाट बंद असताना मागून ढकललं. तू किंचाळलास ते मी जिन्यात ऐकलं. मग तुला इथे आणलं.

आता खरं सांगते. फुप्फुसाचा कॅन्सर लहान आतड्यात उतरलाय. डिसेंबरच्या स्कॅनमध्ये दिसला. असं फार कमी लोकांना होतं म्हणे, पण होतं. तिथे गाठ आहे, तिच्यातून रक्त गळत होतं. तुझं निदान बरोबर होतं. गाठीमुळे आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकलाय, सदऱ्याची बाही काढताना आतल्या आत अडकते तसा. आज सकाळी पुन्हा स्कॅन काढला. सर्जन म्हणतात दोन वाटा आहेत. एक, ऑपरेशन. तेवढा भाग कापून काढायचा, जोडता आलं तर जोडायचं, नाहीतर पोटावर पिशवी लावायची. तुझं फुप्फुस हे असं, त्यामुळे टेबलावरून उठशील याची खात्री नाही. उठलास तर काही महिने जेवू शकशील. ऑपरेशनने कॅन्सर जाणार नाही. दुसरी, ऑपरेशन करायचं नाही. नळी ठेवायची, दुखू नये म्हणून औषध द्यायचं, आणि मग थोडे दिवस. आतडं फाटलं तर त्याहूनही कमी. उद्यापर्यंत ठरवायला सांगितलंय. फॉर्म संदेशच्या हातात होता. तुला न विचारता तो सही करणार होता. मी तो त्याच्याकडून काढून घेतला आणि या पत्रासोबत ठेवला आहे.

हे सगळं डॉक्टरांनी डिसेंबरातच तुला सांगायला सांगितलं होतं. आम्ही नाही सांगितलं. ती आमची चूक. संदेशची आणि माझी. तुझ्या त्या कळवळण्याला मी जबाबदार आहे, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता तुझी. दोन फायली करायच्या, पातळ घरात ठेवायची आणि जाड सगुणाकडे, हे संदेशला कोणी शिकवलं? तुला 'कसा निपजला' असा प्रश्न पडलाय. बारा वर्षांपूर्वी विमलावहिनीची जाड फाइल तू स्वतः रिक्षाने माझ्याकडे आणलीस. तोच गोदरेज, त्याच साड्या. तिला म्हणालास अल्सर आहे. मला शपथ घातलीस. संदेशला घातलीस. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. आणि वर मला अभिमानाने लिहितोस की तू डळमळला नाहीस. दादा, ते वाचून मला तुझी किळस आली. तुझाच शब्द वापरते आहे.

तुला एक माहीत नाही ते सांगते. त्या वर्षी गौरीला वहिनी माझ्याकडे आली होती. मी देवीची साडी काढायला तिला कपाटाची किल्ली दिली, फाइल तिथेच आहे हे विसरून. ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले तर पलंगावर बसून वाचत होती. मी रडायला लागले. ती म्हणाली, "ह्यांना सांगू नका की मला कळलंय. ते किती मेहनत घेतायत बघा, त्यांचा विरस नको." मग तिने फाइल जागेवर ठेवली, साडी नीट घडी घालून वर ठेवली आणि गौरीपुढे बसली. पुढचे सात महिने ती तुझ्यासमोर अल्सरची बाई म्हणून वावरली. तुला डळमळायची वेळ आली नाही, कारण तिने येऊ दिली नाही.

शेवटी शेवटी ती मला एकदाच म्हणाली, "मला काहीतरी विचारतील असं वाटत होतं." काय, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, तू विचारशील.

जाड फाइल उशाशी ठेवली आहे. सगळी पानं आहेत.

सगुणा

•

हॉस्पिटल
२४ जानेवारी, संध्याकाळ

सगुणा,

पेन्सिलीने लिहितो आहे. अक्षराबद्दल बोलू नकोस.

पत्र काल वाचलं. नंतर कोणाशी संबंध नको होता, म्हणून तुला भेटलो नाही. बाहेर बसून होतीस ते नर्सने सांगितलं.

आज सकाळी सर्जन आले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून संदेशशी बोलायला लागले. मी वहीवर लिहून दाखवलं, 'इकडे बघून बोला, ओठ हलवा.' भला माणूस निघाला. खुर्ची ओढून बसला आणि जे तू लिहिलंस तेच पुन्हा सांगितलं. मी सहा प्रश्न लिहून दिले, त्याने सहाही उत्तरं दिली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा कोणी मला मोजून माल दिला.

मग संदेशला बसवलं. बरंच काही लिहायचं ठरवलं होतं, त्यात पळपुटा हा शब्दही होता. लिहिलं एवढंच, 'का नाही सांगितलंस?' मी वही पुढे धरून राहिलो. शेवटी तो म्हणाला, "बाबा, आईच्या वेळी तुम्ही मला आरशापुढे उभं केलं होतंत. म्हणालात, चेहरा असा ठेवायचा, काही झालं तरी. मला दुसरा येतच नाही." आणि रडला. मी ते ओठ नीट वाचले, तरी पुन्हा म्हणायला लावलं. मला वाटलं होतं की मी चुकीचं वाचलं.

आरशाचं मी साफ विसरलो होतो. आयुष्यभर दुसऱ्याचा खोटेपणा पकडून मी पगार घेतला, आणि हे मला आठवतसुद्धा नव्हतं. तुमच्याबद्दल मला जे वाटत होतं ते सगळं आता मला माझ्याबद्दल वाटतं आहे, आणि ते कमी नाही. पोपटराव माझ्यापेक्षा बरे. ते निदान पूड उघडपणे वाटतात.

विमलाला काय विचारायला हवं होतं याचा विचार कालपासून करतो आहे. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर मला एकही प्रश्न सुचत नाही, याची लाज वाटते. तिला घाबरली आहेस का, एवढं तरी विचारता आलं असतं. पण ती हो म्हणाली असती तर मला तिच्यापाशी बसावं लागलं असतं. मला ते नको होतं. त्याला मी धीर म्हणत होतो.

ऑपरेशन करायचं ठरवलं आहे. जगायची फार हौस आहे म्हणून नव्हे. नळी लावून पडलो तर ही पोरं रोज माझ्यासमोर तो चेहरा करून येतील, आणि ते मला बघवणार नाही. पिशवी लागली तर लागली. फॉर्मवर सही मी केली. संदेशची सही खाली साक्षीदार म्हणून घेतली. जाड फाइलची प्रत हॉस्पिटलने ठेवून घेतली; मूळ फाइल घरी न्यायला संदेश आधी तयार नव्हता, मग मी सांगितल्यावर नेली. आता ती घरातच राहील. सोनलला सांग, खिचडीबद्दल मी बोललो ते चुकलं. मला लिहायला जमत नाही.

उद्या सकाळी आठला आत नेणार आहेत. तू सातपर्यंत ये. ओवा नको, अंगारा नको, काळजी करू नये तर नकोच. मला फक्त विचार की भीती वाटते का.

वाटते. पण तू विचार.

दादा